उलट्या पावलांची रोवणी

दुपारची जेवणं उरकली की आमच्या संस्थेच्या लांब पडवीत सगळं मंद व्हायचं. पंखे फिरत असायचे, भांडी धुतल्याचा आवाज थांबलेला असायचा, आणि खाटांवरची माणसं झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी गावाला गेलेली असायची. त्या वेळी थोरल्या आजी कमरेत वाकून उलट्या पावलांनी पडवीभर चालत असायच्या. डावा हात पोटाशी, जुडी धरल्यासारखा. उजवा हात त्यातून काहीतरी उपसायचा, खाली फरशीपर्यंत जायचा, अंगठ्याने दाबून वर यायचा. मग एक पाऊल मागे. पुन्हा हात खाली.

त्यांच्या हातात काहीच नसायचं. तरी बराच वेळ पाहत राहिलं की फरशीवर पाणी चमकल्यासारखं वाटायचं. त्यांची बोटं जिथून उठत तिथे हिरवं काहीतरी उभं राहिलंय, असा भास मला कितीदा तरी झाला आहे.

आमचा वृद्धाश्रम भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या वाटेवर, कोंढ्याच्या बाजूला. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि चौथ्या बाजूला रस्ता. मी तिथे समाजसेविका म्हणून काम करते. माझं गाव लाखांदूर तालुक्यातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईने दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोपं लावून, रोवणी करून मला शिकवलं, आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन बाबांना सांगितलं नसतं तर मी बारावीच्या पुढे गेलेच नसते. हे ऋण मनात ठेवूनच मी रोज कामावर जाते.

संस्थेचे दोन भाग आहेत. बाहेरच्या भागात खोल्या, पडवी, मोठं मातीचं अंगण आणि दिवसभर उघडं असणारं फाटक. तिथली माणसं दुकानापर्यंत जातात, चौकात बसतात, परत येतात. आतल्या भागाला वेगळं दार आहे आणि त्याला आकड्यांचं कुलूप. विसरण्याचा आजार फार वाढलेली माणसं तिथे राहतात. पाटीवर ‘स्मृती विभाग’ लिहिलं आहे, पण आम्ही सगळे त्याला ‘आतलं अंगण’ म्हणतो, कारण मधोमध कडुनिंबाचं झाड आणि भोवती फिरायला गोल वाट आहे.

कोणाला कुठे ठेवायचं हे सिस्टर, डॉक्टर आणि मी मिळून ठरवतो. डॉक्टर भंडाऱ्याहून येतात. मी नवीन असताना त्यांनी मला सांगितलं होतं, "विसरतो म्हणून आत, असं करायचं नाही. ज्याला बाहेर जायची ओढ आहे, पण परतीची वाट सापडत नाही, ज्याला रस्त्याचं आणि पाण्याचं भय उरलं नाही, त्याला ते कुलूप सांभाळतं. बाकीच्यांना ते कुलूप खातं." हे मी जपून ठेवलं. पण माणसं सांगितल्याप्रमाणे दोन भागांत नीट बसत नाहीत, हे मला थोरल्या आजींनी शिकवलं.

थोरल्या आजी आणि धाकट्या आजी या सख्ख्या जावा. आंधळगावकडच्या एका गावात दोघी एकाच घरात नांदल्या, एकाच चुलीवर रांधलं, एकाच बांधीत राबल्या. दोघींचे नवरे गेले. थोरलीचा मुलगा नागपूरला नोकरीला, धाकटीला मूलबाळ नाही. थोरलीचं विसरणं वाढलं, तेव्हा धाकटी तिच्यासोबत इथे आली आणि दोघींना एकच खोली मिळाली. तोवर थोरली नवऱ्याचं जाणं विसरली होती, मुलाचं नाव विसरली होती. धाकटीचं नावही तिला येत नव्हतं. पण ताट समोर आलं की ती धाकटी दिसेपर्यंत घास उचलायची नाही.

"माहं नाव विसरली तं विसरली," धाकटी म्हणायची. "तोंड नाई विसरली. अन् माहं तोंड विसरन्यासारखं हाय तरी का?"

आषाढात, आजूबाजूच्या शेतांत रोवणी सुरू झाली आणि थोरलीच्या अंगातली रोवणीही जोरात आली. एका दुपारी ती वाकलेलीच पडवीच्या उतारावरून अंगणात उतरली, उलट्या पावलांनी सगळं अंगण ओलांडून फाटकातून बाहेर गेली. रेतीचे टिप्पर त्या रस्त्याने भरधाव जातात. हॉर्नच्या आवाजाने आम्ही धावलो. टिप्पर थांबला होता, आणि त्याच्यापासून हाताच्या अंतरावर आजी डांबरावर रोप दाबत होत्या.

सिस्टरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, "आता यांना आतच घ्यावं लागेल, मॅडम. काही झालं असतं तर?"

सिस्टर नागपूरच्या. शिस्तीच्या, पण माणूस मनापासून सांभाळणाऱ्या. पूर्वी आमच्याकडचे एक आजोबा असेच बाहेर पडून नहराच्या, कालव्याच्या काठी सापडले होते. ते वाचले, पण सिस्टरांच्या मनातून तो नहर गेला नव्हता. त्यांचं भय खोटं नव्हतं.

धाकटी दारातच उभी होती. "आत म्हंजे? त्या कुलपात?"

"त्यांच्याच भल्यासाठी आहे, आजी. त्या पळून चालल्या होत्या."

"पळून? बाई, पळनारा मानूस तोंड समोर करून पळते. हे तं पाठ करून जाऊन राहिली होती. पाठ करून कोनी पळते का वो?"

सिस्टरांना हसू आलं, मलाही आलं. पण हसून टिप्पर थांबत नाही. आम्ही ठरवलं की काही दिवस आत ठेवून पाहू. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई सुरक्षित राहील तसं करा." धाकटी मात्र माझ्याशी बोलेनाशी झाली. त्या दोघींनी लग्न होऊन आल्यापासून एकमेकींना सोडून जेवण केलं नव्हतं, आणि आता मध्ये एक दार येणार होतं. तिला दुसरं काही वाचवायचंच नव्हतं. एवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या अंगणात गेले. सगळीकडे ऊन पातळ होऊन सांडलं होतं. कडुनिंबाच्या सावलीत तिथल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, एक आजोबा गोल वाटेवर संथ फिरत होते, जणू एखाद्या जत्रेतून रमतगमत परत येत होते. थोरल्या आजी बैठकीच्या खोलीत होत्या. त्या खोलीभर रोवणी करत मागे सरकल्या होत्या आणि शेवटी भिंतीला टेकल्या होत्या. तिथेच वाकून उभ्या होत्या. हात थांबले नव्हते. त्याच जागी, त्याच दोन फरश्यांवर, रोप खोचत होत्या. सकाळपासून असंच चाललंय, असं तिथली सेविका म्हणाली. बसवलं तर बसत नाहीत, मागून खांद्याला धरलं तर हात झटकतात, आणि जेवण तसंच पडलं आहे.

मी त्यांच्याजवळ गेले. मग कसं कोण जाणे, मीही त्यांच्या शेजारी वाकले. कॉलेजच्या सुट्ट्यांत आईसोबत मी रोवणीला जायची. हात खाली गेला आणि माझ्या पाठीला ते सगळं आठवलं. पिंढरीपर्यंतचा कोमट चिखल, शेजारणीचा कोपर, ओळीत चाललेलं गाणं, आणि पुढे आपण लावलेलं हिरवं वाढत जाताना मागे किती उरलं हे कुणीच वळून न पाहणं. रोवणीत मागे वळून पाहत नाहीत. मागे किती उरलं ते टाच सांगते. मागे सरकता सरकता टाचेला धुरा लागतो, बांधीचा तो मातीचा काठ, आणि त्याच क्षणी बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. तोवर कोणी उभी राहत नाही. अर्धी बांधी सोडून कंबर सरळ करणं हे आमच्याकडे कामचुकारपणाचं.

भिंत टाचेला लागत नाही. वाकलेल्या माणसाच्या पाठीमागच्या अंगालाच ती आधी लागते. थोरल्या आजींच्या टाचा अजून मोकळ्याच होत्या. त्यांची बांधी संपलीच नव्हती. आणि फाटकाबाहेर त्या गेल्या त्याही बाहेर जायला नाही. सगळ्या अंगणात त्यांना काठच सापडला नव्हता.

डॉक्टर आले तेव्हा मी हे सांगितलं. सांगताना मला थोडी लाज वाटत होती, कारण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ते स्वतः आत जाऊन बराच वेळ आजींकडे बघत बसले.

"धुरा किती उंच असतो?" त्यांनी विचारलं.

"घोट्याच्या थोडा वर," मी म्हणाले.

"अंगणात बांधता येईल?"

सिस्टर म्हणाल्या, "सर, मातीत घसरून पडल्या तर? या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस उठत नाही."

त्यांचं म्हणणंही बरोबर होतं. म्हणून मुरूम टाकून अंगण घट्ट केलं. फाटकाच्या बरंच अलीकडे मातीचा काठ घातला, तो चोपून त्यावर दूब, मऊ हरळी, लावली. फाटकाला साधी कडी लावली, बाहेरच्या भागातल्या कुणालाही उघडता येईल अशी. सोबतीला एक सेविका ठेवली, आणि तिने मागून न धरता बाजूने, ओळीतल्या बाईसारखं चालायचं असं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "हे कायमचं समजू नका. दर महिन्याला पुन्हा बघू. माणूस बदलतो, तसं त्याचं ठिकाण बदलावं लागतं."

थोरल्या आजी परत बाहेरच्या खोलीत आल्या. त्या दिवशी धाकटीने दोघींची ताटं स्वतः मांडली आणि माझ्याशी बोलली. "जेवली का वो पोरी?" एवढंच.

पहिल्या दुपारी आम्ही सगळे पडवीत उभे होतो. आभाळ उतरून आलं होतं, पलीकडच्या बांध्यांत खरोखरची रोवणी चालली होती आणि वाऱ्यासोबत गाण्याचे तुकडे येत होते. थोरल्या आजी वाकून, उलट्या, हळूहळू अंगणातून मागे निघाल्या. इतक्या हळू की बगळाही उडाला नसता. मधेच ऊन पडलं, गेलं. त्यांची टाच दुबेला लागली. त्या थांबल्या. टाचेने पुन्हा चाचपून पाहिलं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश, हाड हाड मोकळं करत सरळ झाल्या आणि समोरच्या रिकाम्या अंगणाकडे टोकापासून टोकापर्यंत पाहिलं.

"झाली बाप्पा," त्या म्हणाल्या. आणि काठावर बसल्या. "चहा नाई आला का वो अजून?"

धाकटी लगबगीने जाऊन शेजारी टेकली. "येऊन राहिला. पन मालकीन तूच हायेस, चहा कोनाले मांगतं?"

"मी काहाची मालकीन? मी तं रोजानं आली."

"मंग माही मजुरी बी तूच देजो," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सिस्टर स्वतः चहा घेऊन गेल्या.

तो श्रावण आणि भादवा मला अजून झोपेत दिसतो. रोज दुपारी ते अंगण लावून व्हायचं आणि रोज सकाळी पुन्हा मोकळं असायचं. धाकटीच्या गुडघ्यांना वाकणं जमत नव्हतं, म्हणून ती खुर्ची टाकून बसायची आणि रिकाम्या हातांनी पऱ्ह्यांच्या, रोपांच्या जुड्या पुढे करायची. थोरली त्या घ्यायची. कधी जुडी आवडली नाही तर परतही करायची. "हे पिवळी पडली. दुसरी दे." धाकटी शिव्या देत दुसरी द्यायची. मी खिडकीतून पाहायची, आणि कितीदा तरी मला कळायचं नाही की त्या दोघींतली विसरलेली कोण आणि आठवणारी कोण.

मग दिवाळी झाली. बाहेरचं धान पिवळं होऊन कापलं गेलं, बांध्या मोकळ्या झाल्या. आणि एका सकाळी थोरल्या आजी उठल्या त्या वाकल्याच नाहीत.

त्या सरळ चालत अंगणात आल्या. हात दोन्ही बाजूंना सैल. दुबेचा काठ त्यांनी दाराचा उंबरा ओलांडावा तसा ओलांडला. फाटकाची कडी काढली. मी मागे धावले.

"आजी, कुठे निघालात?"

"घरी."

"घर कुठे आहे?"

त्यांनी हात वर केला आणि गोल फिरवला. रस्ता, शेतं, दूरचं झाड, आभाळ, सगळंच त्यात आलं.

मी त्यांना परत आणलं. दुपारी त्या पुन्हा निघाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. धाकटी खुर्ची टाकून जुड्या पुढे करत राहिली, पण थोरली त्या हातांकडे पाहायचीसुद्धा नाही. रोवणी तिच्या हातातून निघून गेली होती. एका संध्याकाळी ती नहराच्या उतरणीवर सापडली. खाली पाणी वाहत होतं आणि ती त्या पाण्याकडे, आपलं कुणीतरी हाका मारत असल्यासारखं, पाहत उभी होती.

आता आत न्यावं लागणार, हे मला कळत होतं. पण धाकटीला कसं सांगावं हे कळत नव्हतं. मी दोन दिवस टाळलं. शेवटी तीच माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"पोरी, आता ठेव तिले आत."

मी समोरची वही मिटली.

"तवा मी भांडली, कारन तवा ते काम करत होती. कामावरच्या बाईले कोनी कोंडते का? आता ते कामावर नाई हाय. आता ते नुसती जाऊन राहिली. कुठी जाते, तिले बी मालूम नाई." तिने पदराने नाक पुसलं. "अन् मले बी तिच्यासंग ठेव."

डॉक्टर आले तेव्हा तिने हेच त्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं डोकं शाबूत आहे. शाबूत माणसाला कुलपात ठेवणं बरोबर नाही. तुमची तब्येत ढासळेल. चार दिवसांत तुम्ही तिथे सगळ्यांशी भांडायला लागाल."

"मी इथी बी भांडतोच."

"इथे भांडून तुम्ही बाहेर फिरायला जाता. तिथे कुठे जाल?"

धाकटी त्यांच्याकडे पाहत राहिली. "म्हंजे शानी राहिली म्हनून मलेच शिक्षा, का जी?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी असं ठरलं की धाकटीने सकाळच्या चहाला आत जायचं, दोन्ही वेळचं जेवण थोरलीसोबत करायचं, आणि हवं तेव्हा बाहेर यायचं. तिला दारात थांबावं लागणार नाही, ही जबाबदारी सिस्टरांनी घेतली. धाकटी स्टीलचा पेला दारावर वाजवायची आणि ओरडायची, "उघडा वो, जेलरबाई!" सिस्टर आतून म्हणायच्या, "आल्या, आल्या, साहेब आल्या."

आत गेल्यावर थोरल्या आजी हळूहळू निवल्या. कडुनिंबाभोवतीच्या गोल वाटेवर त्या तासन्‌तास चालायच्या. ती वाट कुठेच जात नव्हती, म्हणून कुणाला त्यांना मागे आणावं लागत नव्हतं. हॉर्न नव्हता, धावत येणारी माणसं नव्हती, दंडाला धरणारे हात नव्हते. चेहऱ्यावर पूर्वी कधी नव्हती अशी सैल, पाण्यावर पडलेल्या सावलीसारखी शांतता आली. भिंतीला टेकून उभी राहिलेली बाई ती हीच, हे मला खरं वाटायचं नाही. आषाढात ज्या दाराने त्यांना कोंडलं, त्याच दाराने आता त्यांना मोकळं केलं होतं.

थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी जेवण आटोपून धाकटी बाहेर यायला निघाली. मी दाराशी होते. थोरल्या आजी गोल वाटेवरून थांबल्या, पदर सारखा केला आणि धाकटीच्या मागोमाग दारापर्यंत आल्या. आम्हाला वाटलं, बाहेर निघतील. सिस्टर पुढे झाल्या. पण त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. पाहुण्याला पोचवायला घरची बाई जशी येते तशा.

"कोन्या गावची वो तू, बाई?" त्यांनी धाकटीला विचारलं.

धाकटीने वळून पाहिलं. तिचं तोंड आजवर थोरली विसरली नव्हती.

"आंधळगावकडची," ती म्हणाली.

"लय दूर हाय. अंधार पडून राहिला." थोरल्या आजींनी खिडकीतल्या वाटीतून मूठभर मुरमुरे घेतले, धाकटीच्या पदराचं टोक ओढून त्यात टाकले आणि गाठ मारली. गाठ मारताना बोटं अडखळली नाहीत. "वाटेनं खाजो. अन् येत जाय. घर पाहून ठेवलं ना आता?"

"पाहून ठेवलं," धाकटी म्हणाली.

"मंग ये."

त्या वळल्या आणि कडुनिंबाकडे गेल्या, घरात दिवा लावायचा राहून गेलाय अशा घाईने. सिस्टरांनी दार लोटलं. कुलूप लागल्याचा बारीक आवाज आला.

धाकटी पडवीत उभी राहिली. मला वाटलं, रडेल. तिने गाठीवरून हात फिरवला आणि बंद दाराकडे पाहिलं.

"पाह्यलं का वो पोरी," ती म्हणाली. "मले पाहुनी करून टाकली तिनं." तिने दाराकडे हनुवटी उडवली. "पन घर भेटलं तिले."

मग तिने गाठ सोडली, अर्धे मुरमुरे माझ्या ओंजळीत घातले, आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून ते खाल्ले.